ताईला सांगितलेले सिनेमे

दातांच्या कवळ्या करणारी म्हणून सारा रस्ता तिला ओळखत असला, तरी घरात ती धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्मा जाड झाला, पण धाकटी ती धाकटीच. अशी हाक मारणारी एकटी ताई होती, आणि ताई गेल्यावर ते नाव घ्यायला कुणी उरलं नाही. आपण मात्र तिला धाकटीच म्हणू. दुसरं काही म्हटलं तर तिची तिलाच ओळख पटायची नाही.

काम तिचं एका दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत. पुढे डॉक्टर लोकांचे दात काढायचे, मागे बसून ही नवे करायची. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायचा छोटा दिवा, खिडकीशी घासायचं यंत्र, आणि सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. कवळीतले दात ती कधी एका रेषेत बसवत नसे. एखादा हळूच कलता ठेवायची, एखाद्याचा रंग जरा मळका घ्यायची. कवळ्या अशा बेमालूम, की रस्त्यात भेटणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. माणसांची नावं ती विसरायची, दाढा विसरायची नाही.

तर ताई गेली आणि पुढच्याच आठवड्यात ही कामावर हजर. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस घ्या. ही म्हणाली, घरी बसून काय करू, आणि बसली मेण वितळवत. रडली नाही. ताई गेली त्या सकाळी नाही, सगळं आवरून नातेवाईक आपापल्या घरी पांगले तेव्हाही नाही. "दगड आहे बाई नुसती," असं एक मावसबहीण जाताना जिन्यात म्हणाली. त्या जिन्यातलं कुजबुजलेलंही वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कसं कळायचं? धाकटीने ऐकलं. वाईट वाटायची वाट बघत ती दारात थोडी उभी राहिली, वाटलं नाही, मग दार लावून घेतलं.

दुःख म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, हे दुःख नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, पाणी ओघळलं तरी पत्ता लागत नाही, तसं काहीतरी अंगभर झालं होतं. बिनमिठाची भाजी तिने दोन वेळ खाल्ली आणि मीठ राहिलंय हे तिला कळलंही नाही. ताईचे कपडे कपाटात होते तिथेच होते. काढून टाकावेत असं वाटत नव्हतं, जपून ठेवावेत असंही वाटत नव्हतं. शेजारणी येऊन धीर द्यायच्या, ही त्यांना पाणी द्यायची, आणि त्या गेल्यावर पेले विसळायची.

एकच प्रश्न मात्र त्या बधिरपणाच्याही आत टोचत होता. ताईला माहीत होतं का? तेवढंच. बाकी कशाचं सोयरसुतक राहिलं नव्हतं. पण आपण मरतोय हे ताईला माहीत होतं की नव्हतं, हे आता कुणाला विचारायचं, हे तिला कळत नव्हतं. आणि हा प्रश्न का पडला ते समजायला थेटर समजून घ्यावं लागेल, म्हणून जरा मागे जाऊ.

आई लवकर गेली. ताई तेव्हा नुकती टेलिफोनच्या कचेरीत लागली होती, आणि धाकटी शाळेतही जात नव्हती. वेणी घालण्यापासून ताप उतरवण्यापर्यंत सगळं ताईने केलं. लग्न तिने केलं नाही, आणि का नाही केलं असं विचारलं की म्हणायची, सिनेमाला कुणी नेलं असतं या पोरीला. कारण सिनेमा हे ताईचं एकमेव व्यसन. वीज तोडायची वेळ येईल, सिनेमा चुकायचा नाही. बुधवारी दुपारी तिची पाळी लवकर सुटायची, ती धाकटीला शाळेतून परस्पर उचलायची आणि थेट थेटरात.

ते थेटर अजून आहे. सायकली दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि कुलूप लागलेली बँक, यांच्यामधे अंग चोरून उभं आहे. पडदा एक, खुर्च्या मोजक्या, त्यातल्या काहींच्या स्प्रिंगा माणसापेक्षा आधी उठतात. मोठ्या थेटरांत जे लागतं ते इथे लागत नाही. इथे लागतात लांबलांबच्या मुलखांतले सिनेमे, कुणाच्या कुणाच्या भाषांतले, आणि खाली आपल्या भाषेत अक्षरं उमटत जातात. सासऱ्यांनी बांधलेलं, नवऱ्याने विकायला काढलेलं, आणि मालकीणबाईंनी दोघांच्या नाकावर टिच्चून चालवलेलं असं हे थेटर. खिडकीत बसून तिकिटं विकणार त्या, मग उठून दाराशी तीच तिकिटं फाडणारही त्याच. मधे कुणी हसलं की म्हणायच्या, नोकर बदलला की मालक बदलल्यासारखं वाटतं लोकांना, म्हणून दोन्हीकडे मीच.

ताईला काचबिंदू झाला तेव्हा ती निवृत्तीला आली होती. आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर होत होत एके दिवशी संपलं. तिने फार आरडाओरडा केला नाही. भिंतीला हात लावून घरात फिरायला शिकली, कपाटातल्या गोष्टी वासावरून ओळखायला लागली. फक्त बुधवार आला की दुपारी तिचा जीव लागेना. एकदोन बुधवार धाकटीने पाहिलं, आणि मग तिसऱ्या वेळी डॉक्टरांकडून अर्धी सुट्टी घेऊन तिचा हात धरून तिला थेटरात घेऊन गेली.

"मी काय बघणार तिथे?" ताई म्हणाली.

"मी सांगते ना."

आणि तिने सांगितला. खालची अक्षरं वाचायची, वर पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं, कोण आत आलं, कुणाचं तोंड उतरलं, खिडकीबाहेर काय आहे. सगळं कुजबुजत, ताईच्या कानाशी तोंड नेऊन. पहिल्या दिवशी तिची तारांबळ उडाली. माणसं भराभरा बोलायची, हिचं वाचून होईतो पुढचं वाक्य आलेलं. ताई म्हणाली, अगं दमाने, त्यांना बोलू दे, महत्त्वाचं तेवढं सांग. काही आठवड्यांत हात बसला. लोकांना मात्र त्रास व्हायला लागला. पुढच्या रांगेत एक गृहस्थ यायचे, कानटोपीवाले, ते सारखे वळून म्हणायचे, "गप्प बसा." ताईने त्यांचं नावच गप्पबसा काका ठेवलं. त्यांनी तक्रार केली, तेव्हा मालकीणबाईंनी एक युक्ती काढली. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यापुढे उभं राहून चार शब्द बोलायची त्यांची पद्धत होतीच. त्यात त्यांनी जाहीर केलं की आजपासून शेवटची रांग बोलणाऱ्यांची, ज्याला शांतता हवी त्याने पुढे बसावं. तेव्हापासून शेवटच्या रांगेत कुणी बहिऱ्या आजोबांना ओरडून सांगायचं, कुणी नातवंडाला समजावायचं, आणि कोपऱ्यात या दोघी. गप्पबसा काका मात्र आख्खं थेटर मोकळं सोडून बरोबर यांच्याच पुढे येऊन बसत राहिले. माणसाचा हट्ट, दुसरं काय.

आता खोटं कसं सुरू झालं ते सांगतो. एका सिनेमात एक आई होती, इस्पितळात पडलेली, आणि मुलगा दूर गावाहून तिला भेटायला निघालेला. ताईने धाकटीचं मनगट धरलं होतं, आणि सिनेमा जसजसा शेवटाकडे निघाला तसतशी पकड घट्ट होत गेली. मुलगा पोचला. खाटेवर आईच्या तोंडावरून चादर ओढलेली. धाकटीने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "आई उठून बसलीय."

"बसली?"

"बसली. मुलाने तिला पाणी दिलं."

"मग लोक का रडतायत?"

"आनंदाने," धाकटी म्हणाली.

तिथून ते अंगवळणी पडलं. बुडणारा पोहत काठाला लागला, फाशीला निघालेला सुटला, ज्यांची ताटातूट झाली ते स्टेशनवर भेटले. शेवटची पाच मिनिटं धाकटी पडद्याकडे बघतच नसे म्हणा ना, आपलंच रचत असे. आणि रचायची तेही कच्चं नव्हे, सगळे धागेदोरे जुळवून. एकदा समोर राहणाऱ्या शिक्षिकेने गप्पांत म्हटलं की त्या मागच्या सिनेमातला बोटवाला शेवटी मेला ते बघवलं नाही. ताई म्हणाली, मेला कुठे, तो बेटावर पोचला. शिक्षिका म्हणाली मेला, ताई म्हणाली पोचला. धाकटीला मधे ओढलं, आणि धाकटीने सरळ चेहऱ्याने सांगितलं की पोचला, मी दोन डोळ्यांनी पाहिलं. बिचारी शिक्षिका दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून सिनेमाला गेली, आणि त्यानंतर या दोघींशी सिनेमाचा चकार शब्द काढेनाशी झाली.

मग ताईचं पोट दुखायला लागलं. आधी जेवणाचा दोष, मग औषधाचा दोष, मग तपासण्या. रिपोर्ट आले तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला बाहेर बोलावलं. व्हरांड्यात, औषधांच्या ढकलगाडीशेजारी उभं राहून त्यांनी सांगितलं की उपाय करायची वेळ टळली आहे, आता फक्त दुखू नये एवढं बघायचं. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. आत ताई पलंगावर पाय सोडून बसली होती, कान दाराकडे.

"काय म्हणाल्या?"

आणि धाकटीने सांगितलं. गाठ आहे, पण साधी आहे. अशा गाठी या वयात होतात. गोळ्यांनी हळूहळू विरघळेल, दुखणं मधूनमधून राहील, त्याला घाबरायचं नाही. जेवण कमी जाईल, तेही औषधामुळे. एवढं सगळं तिने एका दमात, कुठेही न अडखळता सांगितलं. ताई म्हणाली, बरं.

पुढचे महिने असेच गेले. दुखणं थांबवायच्या गोळ्यांना धाकटी शक्तीच्या गोळ्या म्हणायची. ताई वाळत चालली, तर ही म्हणायची, बरं झालं, जिना चढायला हलकं. बुधवार चुकवला नाही, शेवटी शेवटी रिक्षा करून गेल्या. आणि एका सकाळी, धाकटी पाणी तापवत असताना, ताई गेली. निरोप नाही, काही सांगणं नाही, काही विचारणं नाही. कारण निरोप घ्यायचाय हे तिला कुणी कळूच दिलं नव्हतं. धाकटी स्वतःशी म्हणायची, सिनेमाचा शेवट बदलला ते ठीक, पण मी माझ्या बहिणीला तिच्या मरणातूनही वगळलं. हे मनात यायचं, पण त्याचंही रडू यायचं नाही. पत्र्यावर टाकलेल्या खड्यासारखं वाजायचं आणि घरंगळून जायचं.

तर एका बुधवारी दवाखान्याच्या रस्त्यावर खोदकाम निघालं आणि वीज गेली. यंत्र बंद, दिवा बंद. डॉक्टर म्हणाले, जा घरी. धाकटी निघाली, आणि घराकडे वळायच्या जागी पाय थेटरापाशी घेऊन गेले. जावंसं वाटलं म्हणून नव्हे, दुसरीकडे कुठे जायचं ते सुचलं नाही म्हणून.

खिडकीत मालकीणबाई. "आज एकट्याच? ताई बाहेर रिक्षात आहेत का?"

"ताई वारली," धाकटी म्हणाली. "दोन महिने होतील."

मालकीणबाईंचा हात तिकिटांच्या गठ्ठ्यावर तसाच राहिला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागे दोन कॉलेजच्या मुली पैसे हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तिकीट पुढे सरकवलं. धाकटी आत जाऊन शेवटच्या रांगेत, कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीवर बसली. आज ती रांग रिकामीच होती. पुढे गप्पबसा काका, कानटोपीसकट.

सिनेमा सुरू झाला. बर्फाळ मुलखातला एक म्हातारा, त्याची एक घोडी, आणि दोघं मिळून जंगलातून ओंडके ओढून आणतात. बस, एवढंच. धाकटी बघत होती. अक्षरं उमटत होती, ती वाचत होती, आणि वाचलेलं आत पोचत नव्हतं. म्हाताऱ्याकडे एक माणूस येऊन काहीतरी सांगून गेला. काय सांगितलं? तिला आठवेना. इतकी वर्षं ती बोलून बघत आली होती, मुकाट्याने सिनेमा बघायचा कसा हे ती साफ विसरली होती. शेजारची खुर्ची मिटलेली होती. त्या खुर्चीकडे बघूनही तिला काही झालं नाही. खुर्ची होती, मिटली होती.

मध्यंतर झालं, दिवे लागले. गप्पबसा काका वळले. त्यांच्या कपाळाला आठ्या.

"आज बोलत नाही तुम्ही."

"बहीण गेली माझी."

"अस्सं." त्यांनी कानटोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मला तुमच्या बोलण्याचा त्रास व्हायचा, ते मी काही मागे घेत नाही. पण खालचं बारीक मला वाचता येत नाही हल्ली. चित्र दिसतं, अक्षरं नाही. आज त्या माणसाने म्हाताऱ्याला काय सांगितलं?"

"कळलं नाही मला."

"मग कठीण आहे," काका म्हणाले. कानटोपीची घडी घालत म्हणाले, "शेवटी मात्र तुम्ही काहीच्या बाही सांगायचात. बोटवाला काय पोचला, म्हातारी काय उठून बसली. इथे नेहमीच्या सगळ्यांना ठाऊक होतं ते. आम्ही कानाडोळा करायचो."

 दोन महिन्यांत पहिल्यांदा धाकटीच्या आत काहीतरी पोचलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांतलं कुणी ताईला बोललं असेल तर? ती उठली, आणि काका अजून काहीतरी म्हणत होते त्यांना तिथेच सोडून बाहेर आली.

मालकीणबाई खिडकीत चहा ओतत होत्या. धाकटीने आडपडदा न ठेवता विचारलं.

"मी ताईला खोटे शेवट सांगायची. तिला कुणी बोललं होतं का?"

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "आत या," त्या म्हणाल्या, आणि खिडकीमागच्या त्या एवढ्याशा खोलीत त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "मघाशीच सांगणार होते. त्यांनी मला शपथ घातली होती, पण आता कुणाची शपथ पाळायची? कुणी बोललं नाही हो. त्याच विचारायच्या."

"कुणाला?"

"मला. सिनेमा सुटला की तुम्ही धावायचात बाथरूमकडे, मध्यंतरातही राहिलेलं सांगत बसायचात म्हणून. तेवढ्यात त्या भिंत धरून इथवर यायच्या, या फळीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, हं, सांगा, खरं कोण मेलं? मी सांगायची. कधी हसायच्या, कधी नुसत्या उभ्या राहायच्या. तुमची पावलं वाजली की म्हणायच्या, आली, आता गप्प."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासूनच म्हणा. त्या इस्पितळातल्या आईचा सिनेमा होता ना, तेव्हापासून."

धाकटीने त्या फळीवर हात ठेवला. मग म्हणाली, "तिला कळलं कसं?"

"मीही विचारलं होतं." मालकीणबाई किंचित हसल्या. "म्हणाल्या, खरं सांगताना धाकटी अडखळते. थांब, नाही, तो नव्हे, असं करते. खोटं सांगताना एकदम सुरळीत बोलते. लहानपणापासून तशीच आहे. पण तिला कळू देऊ नका, इतकं जीव ओतून करते ती."

गाठ आहे, पण साधी आहे. अशा गाठी या वयात होतात. धाकटीला आपलाच आवाज ऐकू आला, इस्पितळातल्या त्या खोलीतला, कुठेही न अडखळणारा. आणि पलंगावर बसलेली ताई, कान इकडे, बरं म्हणणारी.

"शेवटच्या वेळी आलो होतो आम्ही," धाकटी म्हणाली. "रिक्षाने. तेव्हाही विचारलं का तिने?"

"आल्या होत्या खिडकीशी. उभं राहवत नव्हतं, मी खुर्ची दिली. त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच सांगायला लागले. तर माझा हात दाबला. म्हणाल्या, राहू द्या. धाकटी हल्ली फार मेहनत घेते. तिचंच राहू द्या आता."

आत घंटा वाजली. मालकीणबाईंना दाराशी जायचं होतं. त्या म्हणाल्या, इथेच बसा हवं तर. धाकटीने मान हलवली आणि परत आत गेली.

दिवे मालवले. आधी तिला आला तो राग. चांगला सणसणीत राग, कानशिलं तापवणारा. म्हणजे हिला माहीत होतं. शक्तीच्या गोळ्या म्हणून दिलेल्या गोळ्या ही निमूटपणे गिळत होती, आणि कशाच्या ते हिला माहीत होतं. मी रात्री उशीत तोंड खुपसून हुंदका दाबायची, आणि ही बया शेजारच्या पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडलेली असायची. एका खोलीत दोन बायका, दोघींना सगळं ठाऊक, आणि दोघी एकमेकींना जपत मूग गिळून बसलेल्या. एक शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? मी विचारायला पाहिजे होतं का? कसं विचारणार होते? तू तरी मोठी होतीस ना! राग इतका आला की तिने शेजारच्या मिटल्या खुर्चीची कड गच्च धरून दाबली, आणि बसायची जागा करकरत खाली आली.

पडद्यावर चढण होती. म्हातारा पुढे, घोडी मागे, मधे साखळदंड आणि ओंडका. अक्षरं उमटली. धाकटीचे ओठ आधी नुसते हलले, मग आवाज आला.

"तो म्हणतोय, एवढीच चढण. मग घर."

पुढच्या रांगेत काकांचं डोकं किंचित मागे झालं.

"बर्फ पडतंय. म्हातारा... थांब, तो लगाम ओढतोय. नाही, सोडला. लगाम सोडला त्याने. घोडी थांबलीय. पाय दुमडतेय, पुढचे. नाही, मागचे. ताई, ती बसली. म्हातारा तिच्या मानेशी बसलाय, काहीतरी बोलतोय, पण खाली अक्षरंच नाहीत. काय बोलतोय ते मला कळत नाही गं."

शेवट तिच्याकडे तयार होता. सवयच होती ती. गावातली माणसं कंदील घेऊन येतात, घोडीच्या अंगावर घोंगडी टाकतात, दोर लावून तिला उठवतात, आणि वसंतात ती पुन्हा कुरणात चरताना दिसते. सगळं ओठांवर आलं होतं, एका दमात सांगून मोकळं व्हायला.

पडद्यावर कुणी आलं नाही. बर्फ पडत राहिलं.

"ती उठत नाहीये," धाकटी म्हणाली. ती अडखळली, मग तिने पुन्हा सुरुवात केली. "मेली. मेली गं ती, ताई. गाठ साधी नव्हती. मी तुला सांगायला पाहिजे होतं."

आणि मग तिला रडू आलं.